परदेशी गेलेल्या लेखकाची भाषा

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत भाषाशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. आता तिची मराठी सुटणार, असे आमचे नातेवाईक म्हणतात. कवी आणि अनुवादक ए. के. रामानुजन काही काळ आमच्या बडोद्यात शिकवीत होते, असे वाचले. पुढचे सारे आयुष्य परदेशी राहूनही ते कन्नडचे लेखक कसे राहिले?
(एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : आपण वाचलेत ते खरे आहे. बेळगावच्या महाविद्यालयात काही वर्षे इंग्रजी शिकवल्यानंतर रामानुजन १९५७-५८ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापक होते. तेथून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकावयास गेले आणि १९५९ साली फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात दाखल झाले. पुढे शिकागो विद्यापीठात त्यांनी १९९३ मध्ये निधन होईपर्यंत अध्यापन केले.

त्यांचे म्हैसूरचे घरच बहुभाषी होते. खाली स्वयंपाकघरात आईशी तमिळ, माडीवर गणिताचे प्राध्यापक असलेल्या वडिलांशी इंग्रजी आणि रस्त्यावर कन्नड, अशी त्यांच्या लहानपणीची वाटणी होती. ही शिदोरी त्यांच्याबरोबर गेली हे खरे. परंतु शिदोरी कधीतरी संपतेच, आणि म्हणूनच शिकागोत त्यांनी काय केले हे मला अधिक मोलाचे वाटते. १९६२ मधील एका शनिवारी जुन्या तमिळचे प्राथमिक व्याकरण शोधण्यासाठी ते हार्पर ग्रंथालयाच्या तळघरात गेले असता, तेथील कपाटांत त्यांच्या हाती ‘कुरुंतोकै’ हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्रेमकवितांचा संग्रह आला. ज्यांची आई तमिळ बोलत होती, त्यांना अभिजात तमिळ काव्य असे सातासमुद्रापार भेटले! आपल्या गाथासप्तशतीशी जवळचे नाते सांगणाऱ्या या चिमुकल्या कवितांचे त्यांचे इंग्रजी अनुवाद १९६७ मध्ये ‘द इंटीरियर लँडस्केप’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९७३ मध्ये ‘स्पीकिंग ऑफ शिवा’ आले, ज्यात बसवण्णा, दासिमय्या, महादेवियक्का आणि अल्लमप्रभू या शिवभक्त संतकवींची कन्नड वचने, म्हणजे मुक्त रचना, आहेत. १९७६ मध्ये त्यांनी यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’ या कन्नड कादंबरीचा अनुवाद केला, आणि त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या नातेवाइकांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. रामानुजन यांचा कन्नड कवितांचा पहिला संग्रह ‘होक्कुळल्लि हूविल्ल’, म्हणजे ‘बेंबीत फूल नाही’, हा १९६९ साली, देश सोडल्यावर दहा वर्षांनी निघाला; आणि पुढचे दोन संग्रहही ते शिकागोत असतानाच आले. याचे कारण माझ्या मते असे की अनुवाद करणाऱ्याला एकेका शब्दापाशी थांबून त्याचे वजन पारखावे लागते. वचनातील एखादी ओळ इंग्रजीत बसत नाही तेव्हा ती मुळात कशी बसली आहे हे पुन्हा पाहावे लागते, आणि इतक्या बारकाईने आपली भाषा न्याहाळण्याची वेळ गावात राहणाऱ्यावर सहसा येत नाही.

तेव्हा मुलीला मराठीत बोलण्याचा नुसता आग्रह करण्याऐवजी एखादे काम द्यावे. तिच्या आजीच्या तोंडच्या म्हणी आणि व्रतांच्या कहाण्या ध्वनिमुद्रित करून तिच्याकडे पाठवा, आणि बडोद्याच्या मराठीत गुजरातीतून आलेले शब्द तिला वेगळे काढावयास सांगा. रामानुजन यांनी बेळगावात असताना लोककथा अशाच ऐकून टिपून ठेवल्या होत्या, आणि त्या त्यांना जन्मभर पुरल्या.