परदेशातून सायकलचे पार्ट मागवताय? आधी हे बघा

डेरेलर (गिअर बदलणारा भाग) स्वस्त दिसला म्हणून लगेच पैसे भरू नका. कस्टम ड्युटी नुसत्या किमतीवर लागत नाही. किंमत, शिपिंग आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. त्या ड्युटीवर सरचार्ज, मग या सगळ्यावर आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी). कुरियरवाले आपला चार्ज वेगळा घेतात. त्यामुळे नवखे लोक एखादी केबल मागवून फसतात.

- केवायसीचा मेसेज आला की कागद लगेच पाठवा, नाहीतर पार्सल अडकतं.
- विक्रेत्याला ‘गिफ्ट’ लिहायला सांगू नका. पाच हजारांपर्यंतच्या गिफ्टला ड्युटी माफ असायची, ती सवलत २०१९ च्या डिसेंबरात बंद झाली. किंमत कमी दाखवली तर दंड बसू शकतो.

चेन, ब्रेक पॅड इथेच घ्या. एचएसएन कोडची (मालाच्या वर्गीकरणाचा नंबर) भानगड सध्या राहू द्या. नेमका कोणता पार्ट हवाय ते कळवा, हिशेब मांडून देतो.