वॉशिंग्टन-मॉस्को 'लाल टेलिफोन' खरोखर होता का?

प्रश्न : अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या सर्वोच्च नेत्यांच्या टेबलावर एक लाल टेलिफोन असे व तो उचलताच पलीकडच्या नेत्याशी थेट बोलता येई, असे नेहमी ऐकायला मिळते. यात तथ्य किती? ही सोय का करावी लागली आणि शीतयुद्धात ती कधी वापरली गेली का?
— एक वाचक

उत्तर : थेट संपर्काची सोय खरी, पण तो टेलिफोन नव्हता, लाल तर नव्हताच. ३० ऑगस्ट १९६३ रोजी सुरू झालेली 'हॉटलाइन' म्हणजे लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम व हेलसिंकीमार्गे गेलेली टेलिप्रिंटरची (एका टोकाला टंकलेला मजकूर दुसऱ्या टोकाला छापणाऱ्या यंत्राची) तार होती आणि तिचे अमेरिकेतील टोक पेंटागॉनमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या मुख्यालयात होते.

तिचे मूळ ऑक्टोबर १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगात, म्हणजे सोव्हिएत संघाने क्युबात क्षेपणास्त्रे ठेवल्यामुळे उद्भवलेल्या संकटात आहे. २६ ऑक्टोबरला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना पाठवलेले लांबलचक पत्र मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीत भाषांतरित होऊन, सांकेतिक लिपीत घालून, तुकड्यातुकड्यांनी वॉशिंग्टनला पोहोचेपर्यंत जवळपास बारा तास गेले, आणि त्याचे उत्तर निघण्यापूर्वीच दुसऱ्या दिवशी मॉस्को रेडिओवरून त्याहून कडक मागणी प्रसारित झाली. सोव्हिएत बाजूची तऱ्हा तर थक्क करणारी होती. वॉशिंग्टनमधील सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रीनिन यांनी लिहून ठेवले आहे की, त्यांच्या सांकेतिक तारा नेण्यासाठी वेस्टर्न युनियन या खासगी कंपनीचा पोऱ्या सायकलवरून वकिलातीत येत असे. क्युबातील क्षेपणास्त्रे काढून घेण्याचा निर्णय २८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी थेट रेडिओवरूनच जाहीर केला, तो वेळ वाचवण्यासाठी.

त्यानंतर २० जून १९६३ रोजी जिनिव्हा येथे करार झाला. बोलण्याऐवजी लेखी मजकूर निवडला गेला, हा माझ्या मते त्यातला सर्वांत शहाणपणाचा भाग होय. कारण घाईघाईने केलेल्या तोंडी भाषांतरात किंवा आवाजाच्या चढ-उतारात गैरसमज होण्याचा धोका मोठा होता, तर कागदावरचा मजकूर पुन्हा वाचता येई आणि उत्तर देण्याआधी सल्लागारांशी बोलायला उसंत मिळे. अमेरिका इंग्रजीत व सोव्हिएत संघ रशियनमध्ये लिही. भाषांतर ज्याने त्याने आपापल्या घरी करायचे.

खरा कस १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात लागला. ५ जूनला सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांचा संदेश या तारेवरून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्याकडे आला. ८ जूनला इस्रायलने 'लिबर्टी' या अमेरिकी जहाजावर हल्ला केला व त्यात ३४ जण मृत्युमुखी पडले. तेव्हा 'साराटोगा' या विमानवाहू नौकेवरून निघालेली विमाने केवळ चौकशीसाठी जात आहेत, असे जॉन्सन यांनी मॉस्कोला तातडीने कळवले आणि कोसिगिन यांनी तो निरोप इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्याकडे धाडला. अन्यथा भूमध्य समुद्रातील सोव्हिएत आरमाराने त्या विमानांचा काय अर्थ लावला असता, याचा तर्क वाचकांनीच करावा.

मात्र या तारेमुळे दोन्ही देशांत सलोखा झाला, असे समजू नये. १० जूनला कोसिगिन यांनी याच मार्गाने, इस्रायलने लढाई थांबवली नाही तर लष्करी कारवाई करू, असा इशारा दिला. तेव्हा जॉन्सन यांनी गाजावाजा न करता भूमध्य समुद्रातील आपले सहावे आरमार सीरियाच्या दिशेने वळवले. त्याच दिवशी सीरियाच्या आघाडीवर युद्धबंदी झाली.