टोकियोला जायचंय, कुर्ता ४४ चा लागतो. कपडे इथून न्यावेत की तिथे मिळतात?

मिळतात. फक्त दुकानात शिरून हँगरवरून उचलता येत नाहीत.

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत राहता, कुर्ता ४४ चा लागतो, उंची पाच फूट एक इंच आणि ऑक्टोबरपासून तीन वर्षं टोकियोत नोकरी. जपानमध्ये आपल्या अंगाचं काही मिळतं का, की तीन वर्षांचं सगळं इथूनच भरून न्यावं, असं विचारलंय. मी ठाण्याची, नौपाड्यातली. कंपनीच्या कामासाठी साडेपाच वर्षं टोकियोत होते, निशि-कासाईला. जाताना ४२ ची होते, परतताना ४६ ची. त्यामुळे तुमचं माप मला येता-जाता दोन्ही वेळा लागलेलं आहे.

माझी चूक आधी सांगते. जाताना दोन बॅगांपैकी दीड बॅग भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाल्याने भरली. कपडे मोजके घेतले, म्हटलं तिकडची फॅशन वेगळी, तिकडेच घेऊ. दुसऱ्याच आठवड्यात एका मोठ्या दुकानात गेले (नाव नको). तिथल्या ट्रायल रूममध्ये चपला बाहेर काढून शिरायचं असतं आणि आत एक पातळ जाळीदार पिशवी ठेवलेली असते. ती डोक्यावरून घ्यायची, म्हणजे मेकअप कपड्याला लागत नाही. मी पिशवी घातली, वरून ड्रेस घातला आणि ड्रेस दंडावर अडकला. धड वर जाईना, धड खाली येईना. तोंडावर पिशवी, हात छताकडे. बाहेरून ती मुलगी दर मिनिटाला अत्यंत गोड आवाजात विचारतेय, "कसं वाटतंय?"

बाहेर येऊन मोठं माप मागितलं तर तिने मान तिरकी केली, दातांतून श्वास आत ओढला आणि म्हणाली, "चोत्तो..." पुढे काही नाही. चोत्तो म्हणजे 'जरा'. 'जरा' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं की ते 'नाही' असतं, हे कळायला मला दोन महिने लागले. आपल्याकडे गोखले रोडवरचा दुकानदार वरच्या मजल्यावरच्या पोऱ्याला ओरडतो, "अरे, मॅडमसाठी डबल एक्सएल टाक रे!" आणि अख्खं दुकान आपल्याकडे वळून बघतं. त्या ओरडण्याची मला लहानपणापासून चीड होती. टोकियोत ती गेली. निदान वरून काहीतरी खाली पडतं तरी.

आता मापांचं बघू, कारण खरी गफलत तिथेच होते. आपल्याकडे ४४ म्हणजे इंच, छातीचे. जपानमध्ये सगळं सेंटिमीटरमध्ये, म्हणून तुमचं माप साधारण ११२. तिथल्या अक्षरी मापांत बायकांचं एम म्हणजे छाती ७९ ते ८७, एल ८६ ते ९४, एलएल ९३ ते १०१ आणि थ्री-एल १०० ते १०८. म्हणजे इथे जे डबल एक्सएल म्हणून घेता, ते तिथे फोर-एलपासून पुढेच शोधावं लागेल. ऑफिसच्या कपड्यांवर अक्षरांऐवजी आकडे असतात. ९ नंबर म्हणजे छाती ८३ सेंटिमीटर, १५ म्हणजे ९२, १९ म्हणजे १००. साध्या दुकानात ११-१३ च्या पुढचा आकडा इतका क्वचित दिसायचा, की दिसला तर मी आपोआप थांबायचे.

ऑनलाइन घेताना आणखी एक मेख आहे. काही ठिकाणी अंगाचं माप दिलेलं असतं, त्याला 'नूदो सुनपो' म्हणतात. काही ठिकाणी कापडाचं. कापडाच्या मापात 'मिहाबा' असा शब्द दिसेल. तो ड्रेस जमिनीवर सपाट पसरून या काखेपासून त्या काखेपर्यंत मोजलेला असतो, म्हणजे अर्धा घेर. दुप्पट करा आणि स्वतःच्या छातीपेक्षा निदान ८-१० सेंटिमीटर जास्त आहे का ते बघा. मला हे माहीत नव्हतं. मिहाबा ६० वाचून पहिला महिनाभर मी "साठ सेंटिमीटर? या काय बाहुल्या आहेत का?" म्हणत एकेक पान बंद करत होते. साठ म्हणजे घेर १२०, तो मला आरामात झाला असता. 'किताके' म्हणजे मागच्या गळ्यापासून खालपर्यंतची उंची, 'काताहाबा' म्हणजे खांदा, 'माताशिता' म्हणजे पँटची आतली लांबी. एवढे चार शब्द ओळखता आले तरी निम्मं काम होतं.

आणि शोधताना 'ओओकी साइझु', म्हणजे मोठं माप, असं टाका. जाडसर बायकांसाठी तिथे 'पोच्चारी' असा लाडिक शब्दही आहे. नाओमी वातानाबे नावाच्या विनोदी अभिनेत्रीने २०१४ मध्ये अशा अंगाच्या मुलींनाही बसेल असा 'पुन्यूस' नावाचा ब्रँड काढला होता. मला मात्र त्यातलं काही शोभलं नसतं, वय नव्हतं.

माझा बहुतेक संसार युनिक्लोवर चालला. दुकानात एक्सएलपर्यंत दिसतं, पण त्यांच्या साइटवर डबल, थ्री आणि बऱ्याच कपड्यांत फोर एक्सएलसुद्धा असतं. पार्सल घराजवळच्या कोन्बिनीत (कोपऱ्यावरच्या छोट्या किराणा दुकानात) मागवता येतं, त्यामुळे ऑफिसमधून येताना दूध आणि पँट एकाच पिशवीत. 'शिमामुरा' हे स्वस्तातलं दुकान उपनगरांत ठिकठिकाणी आहे. तिथे मोठ्या मापांचा वेगळा कोपरा असतो, थ्री-एलपासून पुढचा. रंग जरा आजीबाईंचे असतात. 'निस्सेन' घरपोच पाठवतं, मापं भरपूर. थंडीच्या जॅकेटसाठी पुरुषांच्या विभागात जायला लाजू नका. छातीला बरोबर बसतं, फक्त बाह्या मनगटाखाली उतरतात, त्या दुमडायच्या.

लांबीच्या बाबतीत मात्र जपान आपलं आहे. माझी आतेबहीण न्यू जर्सीला असते. तिला कंबरेला बसणारी पँट हवी तेवढी मिळते, पण पायघोळ इतकी की खालून वीतभर कापावी लागते. मला टोकियोत उलटं, लांबी पहिल्या झटक्यात बरोबर, घेराशी भांडण.

नवरा सोबत येणार असेल आणि तोही भरदार असेल तर त्याचं सोपं आहे. 'सकाझेन' नावाच्या दुकानात पुरुषांची मोठी मापं भरपूर मिळतात. रियोगोकु स्टेशनजवळ, जिथे सुमोचं कोकुगिकान आहे, तिथे 'लायन-दो' म्हणून पैलवानांच्या अंगाचे कपडे विकणारं दुकान आहे. माझ्या एका सहकाऱ्याला, वजन ११५ किलो, तिथे जाऊन आयुष्यात पहिल्यांदा शर्ट सैल झाला. बिचारा इतका खूश झाला की तोच घालून परत आला. उन्हाळ्यात टायची फार कटकट नसते, टाय-कोटाशिवाय ऑफिसला यायची 'कूल बिझ' ही सरकारी मोहीम २००५ पासून आहे.

आतल्या कपड्यांचं इथूनच न्या, निदान वर्षभराचं. तिथे आकडा छातीच्या खालच्या घेराचा, सेंटिमीटरमध्ये. अक्षर छाती आणि तो घेर यांच्या फरकावरून ठरतं: १० सेंटिमीटर फरक म्हणजे ए, साडेबारा बी, १५ सी, साडेसतरा डी, २० म्हणजे ई. आपल्याकडे सी घालणारी बाई तिथे डी किंवा ई होते, तेव्हा लेबल वाचून दचकू नका. अडचण अक्षराची नाही, आकड्याची आहे. दुकानात ७०, ७५, ८० रांगेने टांगलेले असतात, ९० आणि पुढचं शोधावं लागतं. चपलांचंही तसंच, बायकांमध्ये २५ सेंटिमीटरच्या पुढे निवड एकदम आटते.

एक गोष्ट कोणी सांगणार नाही म्हणून सांगते. तुमचं वय चाळीस किंवा पुढे असेल तर कंपनीच्या वार्षिक तपासणीत टेप घेऊन कंबर मोजतात, बेंबीपाशी. ४० ते ७४ वयाच्या सगळ्यांसाठी २००८ पासून ही पद्धत आहे. बायकांची मर्यादा ९० सेंटिमीटर, पुरुषांची ८५. त्याच्या वर गेलात आणि रक्तदाब, साखर वगैरेही वाढलेली असली तर 'मेताबो' (मेटाबॉलिक सिंड्रोम) म्हणतात आणि सल्ल्यासाठी बोलावतात. दंड-बिंड तुम्हाला होत नाही, अफवा आहेत. माझी कंबर १०१ भरली. नर्सने "श्वास सोडा" म्हटलं, मी सोडला, तिने अजून थोडी वाट पाहिली. मग दोघींनी मान्य केलं. तो १०१ चा कागद मी फोनच्या कव्हरमध्ये ठेवला आणि पँट घेताना वापरला. कंपनीच्या खर्चाने काढलेलं इतकं नेमकं माप मला कुठल्या टेलरनेही दिलं नव्हतं.

आता न्यायचं काय. ऑफिसच्या चार पँटी, सहा कुर्ते किंवा टॉप आणि तुम्ही नेसत असाल तर साड्यांचे ब्लाउज, एवढं इथे शिवून घ्या. जाडे कोट इथून अजिबात नको, ठाण्यात थंडीचा चांगला कोट शोधणं म्हणजे टोकियोत कैरी शोधणं. ऑक्टोबरमध्ये पोचताय हे उत्तम. तिथे १ ऑक्टोबरला कपडे बदलायची रीत आहे, उन्हाळी आत, हिवाळी बाहेर, आणि दुकानंही तशीच बदलतात. मोठी मापं आधी संपतात, तेव्हा पहिल्या पगाराची वाट न बघता जॅकेट मागवा. जानेवारीच्या सेलपर्यंत थांबलात तर उरलेलं एस आणि एम बघत बसाल.

शिवायला टाकताना एक अट घाला. आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांनी ती मी न सांगताच पाळली होती. मापं घेताना म्हणाले, "ताई, परदेशात अंग धरतं. मी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवतो." मला राग आला होता. म्हटलं, मी तिकडे चालून चालून बारीक होणार आहे. चालले खरंच खूप. पण तिथल्या बेकऱ्याही बघायला हव्यात.

दुसऱ्या वर्षी निशि-कासाईतल्या गणपतीला पैठणी काढली आणि ब्लाउजचं हूक दोन बोटं लांब. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ब्लेडने बाजूची शिवण उसवली, हाताने टाचून घेतली आणि आरतीला वेळेवर पोचले. आत माया होती म्हणून. तिथल्या तयार कपड्यात ती नसते, शिवण अगदी कडेला, उसवून काही हाती लागत नाही. रेशमी कापडात मात्र जुन्या शिवणीची भोकं दिसतात, तेव्हा तो ब्लाउज आधीच थोडा सैल शिवून घ्या. पँटीच्या मांड्या आतून घासून विरतात (तिथे खरंच फार चालावं लागतं), म्हणून जांभळी नाक्यावरून कापड घेताना प्रत्येक पँटीमागे अर्धा मीटर जास्त घ्या आणि सोबत न्या. ठिगळ लावून देणारी दुकानं स्टेशनजवळ असतात, 'ओनाओशी' म्हणायचं. गंमत म्हणजे पाटीवर बरेचदा 'रिफॉर्म' लिहिलेलं असतं. पहिल्यांदा वाचून मला वाटलं, माझीच सुधारणा करणार आहेत.

तिथेच कापड घेऊन शिवावंसं वाटलं तर निप्पोरीला जा, अख्खी गल्ली कापडाची आहे. पण शिलाई इथल्यासारखी स्वस्त नाही. मी तिथे फक्त अस्तर घ्यायचे.

दंडाचं माप टेलरला वेगळं सांगा, बाहीच्या उंचीसोबत फक्त मनगट देऊन गप्प बसू नका. मुंढा अर्धा इंच खोल ठेवायला सांगा. तुमचा सगळ्यात नीट बसणारा एक जुना कुर्ता सपाट पसरून काख ते काख सेंटिमीटरमध्ये मोजून फोनमध्ये ठेवा, तो तुमचा मिहाबा. आणि मोजायचा टेप इथूनच न्या, एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असलेला. तिकडच्या टेपवर इंच नसतात.