वाचकांचे प्रश्न : ब्रिटनमधले वीस तास आणि ठाण्यातला हप्ता

प्रश्न : माझी मुलगी सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी लीड्सला जात आहे. आम्ही पाचपाखाडीतील राहते घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढले आहे. तिचे म्हणणे असे, की अर्धवेळ काम करून ती तिथला सगळा खर्च भागवेल आणि हप्त्यासाठीही दरमहा काही रक्कम पाठवेल. शिवाय गोखले रोड आणि राम मारुती रोडवरच्या काही दुकानांच्या जाहिराती ती करून देते. त्यांचे पैसे तिच्या इथल्याच खात्यात येत असल्यामुळे ते काम तिथूनही चालू ठेवता येईल, असे तिला वाटते. हा हिशेब बरोबर आहे का?
— एक आई, ठाणे

उत्तर : मुलीला घरावरच्या बोजाची जाणीव आहे, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचा हुरूप घालवावा असे मला मुळीच वाटत नाही. तरीही तिचे गणित जुळत नाही, आणि जाहिरातींच्या कामाबाबत तर ती नकळत व्हिसाची अट मोडण्याच्या बेतात आहे.

आधी पैशांचे पाहू. पदवी किंवा त्यावरील अभ्यासक्रमाच्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी ब्रिटनमधील किमान वेतन एप्रिल २०२६ पासून ताशी १२.७१ पौंड आहे, आणि दुकाने, कॅफे, गोदामे येथे विद्यार्थ्यांना मिळणारी कामे बहुधा याच दराच्या आसपासची असतात. एकही आठवडा न चुकवता पूर्ण २० तास भरले, तरी महिन्याचे साधारण १,१०० पौंड होतात. आता हे लक्षात घ्या, की व्हिसा देताना ब्रिटिश सरकारच लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याचा महिन्याचा खर्च १,१७१ पौंड आणि लंडनमधल्याचा १,५२९ पौंड धरते. म्हणजे वर्षभर अखंड राबूनही राहण्याजेवण्याचाच खर्च पुरता निघत नाही, तर हप्ता कोठून निघणार? त्यातही पहिले काही आठवडे खोली, बँकेचे खाते आणि कामाचा शोध यांतच जातात, आणि परीक्षेच्या आठवड्यांत तिने कामावर जाऊ नये, असेच कोणत्याही आईला वाटेल. म्हणून तिच्या कमाईच्या भरवशावर किराणा, बसचा पास आणि फोनचे बिल एवढेच धरावे. फी, भाडे आणि हप्ता यांची तरतूद ती विमानात बसण्यापूर्वी झालेली असावी. व्हिसाचा नियमही हेच सांगतो : उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा खर्च, म्हणजे लीड्ससाठी १०,५३९ पौंड, खात्यात सलग २८ दिवस असल्याचे किंवा कर्ज मंजूर झाल्याचे दाखवावे लागते आणि पुढे मिळेल त्या पगाराचा त्यात विचार होत नाही. बहुतेक बँका अभ्यासक्रम संपून काही महिने होईपर्यंत हप्ता मागत नाहीत, परंतु व्याज साचत राहते. ते व्याज तुम्हाला इथून दरमहा भरता आले, तर मुलीवरचे दडपण खरोखर हलके होईल.

आता जाहिरातींच्या कामाविषयी. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. ग्राहक ठाण्यातला आहे आणि पैसे ठाण्यातल्या खात्यात जमा होतात, एवढ्याने ती मनाई टळत नाही, कारण काम करणारी व्यक्ती ते काम करताना कुठे बसली आहे हे तिथे पाहिले जाते. आईच्या किंवा भावाच्या नावे बिल करण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपया ऐकू नका. नाव बदलले तरी काम तीच करत असते. दिवाळीची जी कामे तिने स्वीकारली असतील ती निघण्यापूर्वी पूर्ण करावीत आणि पुढची एखाद्या विश्वासू मैत्रिणीकडे सोपवावीत. हातातले कसब मात्र वाया जाणार नाही : विद्यापीठाचे विभाग आणि विद्यार्थी संघटना अशी कामे रीतसर नेमणूक देऊन करून घेतात आणि ती २० तासांच्या मर्यादेत तिला करता येतील. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षणानंतर तिथे राहून काम करण्याचा परवाना, मिळाला, की स्वयंरोजगाराचीही मुभा असते. हा व्हिसा आजवर दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो १८ महिन्यांचा मिळेल, म्हणजे तिने १८ महिनेच धरून चालावे.

तासांविषयी आणखी थोडे, कारण चुका इथेच होतात. आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. एका आठवड्यात २३ तास आणि पुढच्या आठवड्यात १७ तास अशी सरासरी चालत नाही. दोन ठिकाणची कामे एकत्र धरली जातात आणि बिनपगारी कामही त्यात येते. सुट्टीत पूर्णवेळ काम करता येते खरे, परंतु एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचा उन्हाळा प्रबंध लिहिण्यात जातो आणि तो सहसा सत्राचाच भाग समजला जातो. पदवीच्या वर्गातली मुले जूनमध्ये पूर्णवेळ कामावर जाताना पाहून तिनेही जाऊ नये. सुट्टीच्या अधिकृत तारखा विद्यापीठाकडून लेखी घ्याव्यात.

प्रश्न : मुलगा बर्मिंगहॅमला शिकतो आणि एका उपाहारगृहात काम करतो. मालक म्हणतात, "कागदावर वीसच तास दाखवू, वरच्या दहा तासांचे पैसे रोख देतो." मुलगा विचारतो, हो म्हणू का?
— एक वडील, नेरूळ

उत्तर : त्याने नाही म्हणावे, आणि आजच म्हणावे. कागदावर दाखवले नाहीत, तरी ते दहा तास मर्यादेबाहेरचेच ठरतात, आणि तपासणी झाली तर त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. मालकाचाही यात तोटाच आहे, कारण परवानगीबाहेर काम करवून घेणाऱ्याला पहिल्याच वेळी एका कामगारामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. रोखीच्या तासांची पगारपावती नसते. त्यामुळे उद्या मालकाने ते पैसे बुडवले, तर मुलाजवळ दाद मागायला पुरावा राहत नाही. याउलट नोंदीतल्या २० तासांवर त्याला किमान वेतन आणि कामाच्या प्रमाणात पगारी रजाही मिळायला हवी. ती रजा त्याला मिळते का, हे त्याला अवश्य विचारा. मालकाने नकारानंतर त्रास दिला, तर विद्यापीठाच्या विद्यार्थी सल्ला केंद्रात त्याने मोकळेपणाने सांगावे, आणि आपण केलेल्या तासांची तारीखवार नोंद आतापासूनच वहीत ठेवावी.