धुळ्याहून सिमल्याला मुलांसह मोटारीने निघताना

मे महिन्यात लहान मुलांना घेऊन मोटारीने सिमला गाठण्याचा तुमचा विचार अवघड असला तरी अशक्य नाही. मात्र रोजचे अंतर मुलांच्या झोपेवरून ठरवावे. राष्ट्रीय महामार्ग ५२ धुळ्याहून शिरपूर, सेंधवा, इंदूर, कोटा, जयपूर असा थेट पंजाबातील संगरूरपर्यंत जातो. पहाटे निघून दुपारच्या आत मुक्काम गाठावा, कारण खानदेशात तापलेला पारा राजस्थानातही उतरत नाही. रात्रभर गाडी हाकण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतील, तो ऐकून सोडून द्यावा.

टायरमधील हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासावी. धावून तापल्यावर वाढलेला दाब पाहून हवा काढू नये. बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची आपल्याकडील सवय मात्र साफ मोडावी, कारण जोरात ब्रेक लागल्यास आईच्या हातांना ते धरून ठेवता येत नाही, आणि १४ वर्षांखालील मुलांना सुरक्षा पट्टा किंवा बालआसन कायद्यानेही आवश्यक आहे.

पहिल्या दिवसासाठी दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरे. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावे. काच थोडी उघडी ठेवूनही उभ्या गाडीत मुलांना क्षणभरही एकटे सोडू नये.