खोडलेल्या ओळीबद्दल

प्रिय,

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण ते मी चारदा वाचलं आणि चारही वेळा दुसऱ्या पानावरच्या एकाच ओळीपाशी थांबले. ती ओळ तू खोडली आहेस, पण खालची अक्षरं दिसतात: ‘आजी शेवटच्या दिवसांत मला दुसऱ्याच नावानं हाक मारायची आणि मी ओ देत असे.’ त्यावर दोन आडव्या रेघा. आणि लगेच पुढे, ठसठशीत अक्षरात: ‘लिहावंसं फार वाटतं, पण माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलेलंच नाही.’

आता तूच सांग, मी काय उत्तर देऊ?

ही चूक मीही केली आहे, आणि फार वर्षं केली आहे. वडील गेल्यावर दोन वर्षं मी त्यांच्यावर लिहू पाहत होते. ‘त्यांनी आमच्यासाठी खस्ता खाल्ल्या’, ‘ते अबोल होते, पण मायाळू होते’, अशी वाक्यं. खोटं त्यात काही नव्हतं. फक्त ती कुणाच्याही वडिलांना लावता आली असती. एका दुपारी कंटाळून ते सगळं बाजूला सारलं आणि कारण नसताना सारखं आठवायचं तेवढंच लिहायला घेतलं. परीक्षेच्या आदल्या रात्री वडील ब्लेडनं माझ्या पेन्सिलींना टोक काढत बसत. टोक इतकं लांब आणि बारीक, की पहिल्याच शब्दाला मोडायचं. मला राग यायचा. शार्पनर आहे म्हटलं तरी ऐकत नसत. जुन्या वर्तमानपत्रावर सालपटांचा ढीग, त्यांच्या अंगठ्यावर शिशाचा काळा डाग.

सहावं-सातवं वाक्य लिहिताना हात थांबला. वडिलांना शाळा अर्ध्यावर सोडावी लागली होती. माझ्या पुस्तकांतलं त्यांना काही शिकवता येत नव्हतं, विचारता येत नव्हतं. माझ्या अभ्यासातल्या एकाच वस्तूला त्यांना हक्कानं हात लावता येत होता. हे मला ते वाक्य लिहीपर्यंत कळलं नव्हतं. पन्नाशीला आले होते मी, आणि कळलं नव्हतं.

प्रेरणा कुठून आणायची, असं तू विचारलं आहेस. मला ती लिहायला बसण्याआधी क्वचितच भेटली. पाच-सहा साधी वाक्यं झाल्यावर, कधी तरी, ती आली. म्हणून तिची वाट पाहू नकोस. शोधायचंच असेल तर न बोलावता परत परत येणारी आठवण शोध. महत्त्वाचे म्हणून आपण जपून ठेवलेले प्रसंग, बक्षीस, निकाल, प्रवास, हे बहुधा सांगून सांगून गुळगुळीत झालेले असतात. त्यांच्या शेजारी पडलेलं, कुणाला कधीच न सांगितलेलं काही तरी असतं. ते का आठवतं हे तुला माहीत नसेल, तर फारच चांगलं. ते कळावं म्हणूनच लिहायचं.

एक छोटी वही जवळ ठेव. रोज दोन-तीन ओळी पुरेत, पण त्यात ‘आज फार उदास वाटलं’ असं लिहू नकोस. कोण नेमकं काय म्हणालं, तेव्हा त्याचे हात काय करत होते, खोलीत कसला वास होता, ते लिही. उदासी पुढे आठवेल. माणसाचं बोलणं मात्र दोन दिवसांत पुसट होतं आणि त्या जागी आपलंच वाक्य येऊन बसतं.

घरातल्या दुसऱ्या कुणाची आठवण तुझ्याशी जुळणार नाही, याचीही तयारी ठेव. माझा भाऊ ठामपणे सांगतो की ब्लेड नव्हतं, चाकू होता, आणि पेन्सिली त्याच्या होत्या. आठवताना आपण दर वेळी प्रसंग नव्यानं जुळवतो, असं मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं. मी भावाचं म्हणणं तसंच लेखात घातलं. दोन मुलांना एकच माणूस आपापला हवा होता, हे त्यातूनच आलं.

दुखऱ्या गोष्टींविषयी जरा जपून सांगते. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवांविषयी लिहिलं. लिहून होताच त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. पण पुढच्या सहा महिन्यांत, काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिणाऱ्यांचं आरोग्य केंद्रात जाणं कमी झालं. नुसत्या भावना ओतणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. हे ‘दोन्ही’ मला लेखनासाठीही मोलाचं वाटतं. मात्र जखम ताजी असेल आणि लिहिताना जीव घाबरा होत असेल, तर वही मिट. जवळच्या माणसाशी बोल. वही कुठे पळून जात नाही.

आणि पहिलं लिखाण म्हणजे लेख नव्हे. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीचं उदाहरण मी नेहमी देते. मार्च १९४४ मध्ये लोकांनी आपल्या डायऱ्या जपून ठेवाव्यात, असं आवाहन तिनं रेडिओवर ऐकलं आणि मे महिन्यात आपली डायरी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतली. काही गाळलं, काही वाढवलं, सोबतच्या माणसांसाठी वेगळी नावं ठरवली. तेव्हा ती १४ वर्षांची होती आणि जवळजवळ दोन वर्षं तिनं घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मोजक्या खोल्या, आठ माणसं. तिनं स्वतःसाठी लिहिलेलं दुसऱ्यासाठी पुन्हा लिहिलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तूही आधी वहीत सगळं मोकळेपणानं लिही, खऱ्या नावांनिशी. दुसऱ्याला दाखवायची वेळ आली की मग नावं बदल, आणि दुसऱ्याचं गुपित आपल्या लेखाची शोभा वाढवायला वापरत नाही ना, हे स्वतःला विचार.

वेळ मिळत नाही, असंही तू लिहिलं आहेस. कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यात नोकरी करत होते. कामाच्या आधी, पहाटे, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहीत. शब्द मोजायला मी तुला सांगणार नाही. पण ठरलेली पंधरा मिनिटं मागते, रोज त्याच वेळी.

उद्याची पंधरा मिनिटं कशासाठी, तेही सांगून ठेवते. ती खोडलेली ओळ वहीच्या पहिल्या पानावर जशीच्या तशी उतरव. मग आजीचा पलंग कुठे होता, तू कुठून ओ देत असस, पहिल्यांदा ती हाक ऐकलीस तेव्हा मागे वळून पाहिलंस का, हे लिही. आणि ते नाव कुणाचं होतं? घरात कुणाला माहीत होतं का, की तुझ्यासारखंच सगळ्यांनी काही न विचारता चालवून घेतलं? पुढच्या पत्रात मला एवढंच पाठव. काही खोडलंस तरी रेघ अशीच फिकी असू दे.

तुझी,
ताई