चौलच्या मण्यांना हात लावण्याआधी

कोकणातल्या चौल या जुन्या बंदराचे काचमणी तपासायला घेणार आहेस, तर आधी भिंग घे. मण्यावर इंद्रधनुषी पापुद्रा दिसला की समज, जमिनीतल्या ओलीने सोडियम धुऊन नेलाय. तिथे हातातलं एक्सआरएफ (क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) टेकवलंस तर झिजेचं रसायन मिळेल, काचेचं नाही. शिवाय त्या यंत्राला सोडियम धड दिसतही नाही. जमलं तर लेझर अ‍ॅब्लेशन आयसीपी-एमएसच कर, म्हणजे लेझरने कणभर काच उडवून तिच्यातली मूलद्रव्यं मोजायची. खड्डा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, त्यामुळे संग्रहालयवाल्यांची कुरकुरही कमी. वरचा थर लेझरने उडवून मगच मोजणी घे, सोबत कॉर्निंगच्या प्रमाण काचाही (ज्यांची घडण आधीच माहीत आहे अशा) मोज.

मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचं ऑक्साइड) १.५ टक्क्यांखाली असेल तर काच वितळवायला घातलेला क्षार बहुधा खनिज सोडा, वर गेला तर वनस्पतींची राख. पोटॅशवर (पोटॅशियमच्या ऑक्साइडवर) मात्र भिस्त ठेवू नकोस. आपल्याकडच्या वाळूतल्या फेल्डस्पार या खनिजामुळे तो तसाही चढतो. अ‍ॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) भरपूर, युरेनियम जास्त, बेरियम कमी असं निघालं, तर तो पश्चिम किनाऱ्यावरचा मध्ययुगीन गट. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही याच काचेचे मणी सापडलेत. पण काच कुठे वितळवली आणि मणी कुठे घडवला, हे प्रश्न वेगळे. दुसऱ्यासाठी उत्खननातले, ज्यांतून मणी कापतात त्या काचेच्या नळ्यांचे तुकडे आणि एकमेकांना चिकटलेले फसलेले मणी शोध.